इथे कुणी केल्विन राहत नाही

मॅरिनर स्ट्रीट, ग्रिम्सबी
रविवार, १८ ऑगस्ट २०१३

केल्विन,

रिकामी खोली म्हणे! जिथे तुझा पलंग आहे, तुझा कोट आहे, तुझे मासेमारीचे गळ आहेत, आणि खिडकी दोन-दोनदा उघडूनही तुझ्या मोज्यांचा वास जात नाही, ती खोली रिकामी. आणि त्या रिकामपणाचे पैसे मी भरायचे. एप्रिलपासून हे डोक्यावर बसलंय. आता तर ज्यांचं हे घर त्या हाउसिंगवाल्यांनी माणूसच पाठवला. माणूस कसला, पोरगेलं कार्टं, गळ्यात ओळखपत्राची दोरी. पायपुसण्यावर बूट घासायची अक्कल नाही, पण मला हिशेब शिकवायला आलं.

म्हणतो, "मिसेस ब्लँचर्ड, घरात माणूस एक आणि झोपायच्या खोल्या दोन. नव्या नियमाने एक खोली जास्त होते. म्हणून तुमच्या भाड्याच्या भत्त्यातून तेवढं कापलंय. कापलेलं तुम्ही पदरचं भरायचं."

मी म्हटलं, "पहिलं म्हणजे मिसेस कुणाची रे? नवरा असता तर तुझ्याशी बोलायला त्याला पाठवला असता. दुसरं म्हणजे घरात माणसं दोन आहेत. मी आणि माझा भाऊ. तो सध्या बाहेर आहे."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"सरकारच्याच घरात. तिथे तो किती खोल्या अडवून बसलाय ते जाऊन मोज."

कानापर्यंत लाल झालं ते. मग एक पत्रक हातात ठेवून सटकलं. त्यात उपाय लिहिलेत. जास्त काम करा. पोटभाडेकरू ठेवा. लहान घरात जा. जास्त काम कसलं करू? एकवीस वर्षं बर्फातले मासे कापून बोटं वळायची थांबली, आठवड्यातून तीन सकाळी मासे धुरवणाऱ्यांचे ट्रे घासते तेवढंच. लहान घर द्या म्हटलं, आत्ता निघते. तर एका खोलीची घरं म्हणे सध्या शिल्लक नाहीत. घ्या! नाही ते घर घेतलं नाही म्हणून मला दंड. घरपट्टी माहीत होती, पाणीपट्टी माहीत होती. गल्लीत आता हिला खोलीपट्टी म्हणतात.

शेजारच्या बेरिलचं त्याहून वाईट. तिचा मुलगा रसेल लीड्सला राहतो, पण त्याच्या नावाचं एक पार्सल हिच्या दारात आलं. भत्त्याच्या ऑफिसातला माणूस हजर. "नुसतं बोलायला आलोय," म्हणाला. चहा प्यायला, केकचे दोन तुकडे हाणले, आणि जाताना न्हाणीघरातले टूथब्रश मोजून गेला. दुसरा ब्रश बेरिलचाच, दातांची कवळी घासायचा. पण ठरलं ना, मोठा कमावता मुलगा घरात लपवलाय! लागलीच भत्ता कापला. तेव्हापासून बेरिल दारात आलेल्या कुणालाच चहा विचारत नाही, पाद्र्यालासुद्धा नाही.

तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. भाडं मी भागवतेय. तुझी खोली तशीच आहे. मला लिहायला किती वेळ लागतो ते तुला ठाऊक आहे, तेव्हा उत्तर धड पानभर दे.

नोरीन

---

बी विंग
१ सप्टेंबर

प्रिय नोर,

तुझं पत्र इथे सगळ्यांना वाचून दाखवलं. "सरकारच्याच घरात" आलं तेव्हा तुरुंगाचा पहारेकरीसुद्धा हसला. त्या पोराला इकडे पाठवून दे. इथे एका माणसाच्या खोलीत आम्ही दोघं आहोत. तुझी जास्तीची आणि आमची कमी, जुळवून टाकेल तो.

माझ्या सोबतीला लेनी म्हणून एक म्हातारा आहे. झोपेत गाई हाकतो. वाईट नाही.

गुडघे दुखतात म्हणून तू भेटीला येत नाहीस ते मला समजतं. बळेच येऊ नकोस. पण खरं सांग, गुडघेच ना? तुला माझी लाज वाटत असेल तर तेही मी समजू शकतो.

खोली तशीच आहे हे वाचून बरं वाटलं. खिडकीचा खटका घट्ट झाला असेल, त्याला मेणबत्ती घास, तेल घालू नकोस. तो एका पायाचा समुद्रपक्षी अजून येतो का? लहानपणी दुकानात सगळे मला तुझं पोर समजायचे आणि तू कुणालाच खरं सांगायची नाहीस. रात्री इथे दारं बंद झाली की असलंच काहीबाही आठवतं.

जमलं तर वीस पौंड पाठव. कशाला ते विचारू नकोस.

एक गोष्ट आहे, चांगली. पण सांगत नाही. इथे रीत आहे, चांगली बातमी हातात पडल्याशिवाय घरी कळवायची नाही. कळवली की फिसकटते. लेनीने तीनदा कळवली आणि तीनदा फिसकटली.

तुझा,
केल

---

मॅरिनर स्ट्रीट
रविवार, १५ सप्टेंबर

केल्विन,

दहा पाठवलेत. वीस मागायला मी काय टांकसाळ आहे? कशाला ते विचारू नकोस म्हणे. आत कुणाचं देणं करून ठेवलंयस? तिथे तंबाखूवरून माणसाची बरगडी मोडतात हे इथे बसूनही मला कळतं. असेल तर लिही, नसेल तर नाही असं लिही. मोघम लिहू नकोस.

आणि ही चांगली बातमी कसली? मागची चांगली बातमी तुझ्या त्या दोस्ताने, शॉनने आणली होती. "नुसती व्हॅन चालवायची, केल, एका रात्रीचं काम." व्हॅनमध्ये चर्चच्या छपरावरून चोरलेलं शिसं, आणि पोलिसांनी अडवलं तेव्हा शॉन कुठे होता? लिंकनला आपल्या घरी, अंथरुणात. तुझी चांगली बातमी म्हटलं की मी आधी दाराला कडी घालते.

लाज तुझी नाही वाटत. बसचं तिकीट महाग आहे. झालं समाधान?

तुझा कोट, बूट, गळ माळ्यावर टाकलेत. खोलीत ओल आली होती. तुझ्या नावाचं टपालही मी लगेच चुलीत घालते, बेरिलसारखं व्हायला नको. पक्षी येतो. पाय एकच आहे पण भाकरीसाठी भांडतो चार पायांनी. काल त्याने आम्ही खिडकीत ठेवलेलं हेरिंग पळवलं. कच्चं हेरिंग, कांदा आणि व्हिनेगर घालून, वाटतं तितकं वाईट लागत नाही.

खटक्याला मेणबत्ती घासली.

नोरीन

---

बी विंग
शुक्रवार, ४ ऑक्टोबर

प्रिय नोर,

दहा मिळाले. ते प्रकरण मिटलं, आता विचारू नकोस.

रीत मोडून सांगतो, कारण आता सांगितल्याशिवाय भागणार नाही. मला लवकर सोडतायत! शिक्षेचे शेवटचे चार महिने घरी काढायचे, पायात पट्टा बांधून. संध्याकाळी सातनंतर घराबाहेर पडायचं नाही, पडलो तर पट्टा बोंबलतो. माझं वागणं चांगलं, सगळे कागद झाले. एकच गोष्ट उरलीय. राहायला पत्ता लागतो आणि त्या घरच्या माणसाने "येऊ दे त्याला" म्हणावं लागतं. फॉर्म त्याच दिवशी द्यायचा होता म्हणून तुला न विचारताच तुझा पत्ता लिहिला. दुसरा आहे कुठे मला?

पुढच्या आठवड्यात, सुटणाऱ्यांवर लक्ष ठेवतात त्या प्रोबेशनच्या ऑफिसातून एक बाई येईल, घर बघायला. तिला माझी खोली दाखव. तो कोट माळ्यावरून खाली काढून खुंटीला लाव, म्हणजे तिला दिसेल की माणूस येणार आहे. चहा दे. आणि नोर, मेहेरबानी करून तिला बोलू दे. तू समोरच्याला बोलू देत नाहीस. तुला "हो" एवढंच म्हणायचंय.

ती "ठीक" म्हणाली तर वीस तारखेच्या आत मी घरी. मी आलो की खोली रिकामी राहणार नाही, तुझी पट्टीही जाईल. मी धक्क्यावर काम धरेन. लेनीला हे सांगितलं तर तो रडला, स्वतःसाठी की माझ्यासाठी ते कळलं नाही.

आणि हेरिंग "आम्ही" ठेवलं म्हणजे कुणी? तू तर जन्मात कच्चा मासा तोंडाला लावला नाहीस. कुणी भेटलाय का तुला? भेटला असेल तर मी खूश आहे.

तुझा,
केल

---

मॅरिनर स्ट्रीट
मंगळवार, ८ ऑक्टोबर

केल्विन,

तीन आठवडे झाले, तुझी एक ओळ नाही. दहाच पाठवले म्हणून फुगून बसलास का? बस फुगून. तरी लिहितेय, कारण आज मी जे केलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही, आणि बेरिलला सांगून झालं.

आधी एक कबूल करते. खोलीत ओलबिल काही नव्हती. मी पोटभाडेकरू ठेवलाय. त्या कार्ट्याच्या पत्रकातच लिहिलं होतं ना, तेच केलं. विद्मंतास नाव आहे, लिथुआनियाचा, मासळीच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. हेरिंग त्याचंच. वागायला सरळ आहे. बूट दारात काढतो, जे तू चाळीस वर्षांत शिकला नाहीस. तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या पलंगावर परका माणूस झोपतो हे वाचून तू तिथे रात्र-रात्र जागला असतास. तू सुटलास की तो जाईल, तसं ठरलंय. भत्त्याच्या ऑफिसला मी रीतसर कळवलंय, कागद आहे. खोली भरलेली धरतात, पट्टी थांबली. एवढ्यातच जरा श्वास घेत होते.

आणि आज दार वाजलं. राखाडी कोट, छातीशी फाइल. मी बघताक्षणी ओळखलं. गेल्याच आठवड्यात बेरिल म्हणाली होती, आता आपल्या बाजूच्या घरांचा नंबर आहे.

ती म्हणते, "मिस ब्लँचर्ड? केल्विन ब्लँचर्ड यांच्या इथे राहण्यासंबंधी..."

पुढे बोलूच दिलं नाही. मी म्हटलं, "इथे कुणी केल्विन राहत नाही."

"नाही, मला माहीत आहे ते सध्या..."

"सध्या नाही आणि पुढेही नाही. ही वरची खोली भाड्याने दिलीय, माझ्याकडे कागद आहे. विद्मंतास! खाली ये."

तो आला बिचारा, लांब पायजम्यात, तोंडात टूथब्रश. मी म्हटलं, "हा बघा. हा राहतो. आणि हाच त्याचा ब्रश. मोजा!"

ती बाई म्हणते, "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय, मी भत्त्याच्या ऑफिसची नाही."

मी म्हटलं, "सगळे असंच म्हणतात. शेजारच्या घरी नुसतं बोलायला आला होता तो केक खाऊन भत्ता कापून गेला."

तेव्हा तिने फाइल उघडली. मग हळूच विचारते, "म्हणजे तुमच्या भावाला तुम्ही इथे राहू देणार नाही, असं मी लिहू?"

"लिहा. मोठ्या अक्षरात लिहा. त्याचा एक मोजा सापडला या घरात तर मला येऊन सांगा."

तिने लिहिलं. माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, कीव आल्यासारखं, आणि गेली. चहाचं नाव काढलं नाही मी! बेरिल भिंतीपलीकडून टाळ्या वाजवत होती. केल, आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसातल्या बाईला मी दारातून परत पाठवलं. तू असतास तर हसून लोळला असतास.

आता तरी लिही.

नोरीन

---

बी विंग
सोमवार, १४ ऑक्टोबर

नोर,

ती भत्त्याच्या ऑफिसची नव्हती.

माझं चार तारखेचं पत्र तुला उशिरा मिळालं असणार. इथून टपाल शनिवार-रविवार निघत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आधीच सांगायला हवं होतं. चांगली बातमी, रीत, सगळा मूर्खपणा.

आज मला बोलावून कागद वाचून दाखवला. "घरातील व्यक्तीचा नकार. अर्जदार इथे राहत नाही व पुढेही राहणार नाही असे ठामपणे सांगितले. खोलीत अन्य पुरुष राहतो." वाचणारा मध्ये थांबला आणि मला म्हणाला, "तुमचं बहिणीशी बरं नाही का?" मी म्हटलं, नाही, बरं नाही. काय सांगणार होतो त्याला.

तुझं पत्र मी इथे कुणाला वाचून दाखवलं नाही.

केल

---

मॅरिनर स्ट्रीट
गुरुवार, १७ ऑक्टोबर

केल,

तुझं चार तारखेचं पत्र ती बाई येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. दारातच वाचलं. "तिला बोलू दे" इथवर आले आणि पायरीवर बसले. बेरिलने आत नेलं.

चांगली बातमी घरी सांगायची नाही, ही म्हणे रीत! कुठल्या गाढवाने घातली ती रीत? तीन शब्द लिहिले असतेस सप्टेंबरात तर मी तिला लाल गालिचा घातला असता. मी तुझ्यावर इतकी चिडलेय की तुझं तोंड समोर असतं तर फोडलं असतं. आणि मग माझं फोडून घेतलं असतं.

त्याच दिवशी प्रोबेशनच्या ऑफिसात गेले. तीच बाई, तोच राखाडी कोट खुर्चीच्या पाठीवर. मी म्हटलं, "खोडा ते. चुकून बोलले. तो माझा भाऊ आहे, मी वाढवलाय त्याला, तो माझ्याच घरी येणार."

ती म्हणाली, "मी चार वेळा सांगायचा प्रयत्न केला. तुम्ही मला बोलू दिलं असतं तर."

केल, ऑफिसातली बाई माझ्याशी खरं बोलली. मग म्हणाली, पुन्हा बघता येईल, पण काही आठवडे लागतील, आणि खोलीत दुसरा माणूस असेल तर काहीच करता येणार नाही.

म्हणून घरी आले आणि विद्मंतासला सांगितलं, निघ. तो म्हणाला, "बाई, खाली बाकड्यावर झोपतो, भाडं तेवढंच देतो." मी ऐकलंच नाही. मला वाटलं, खोली रिकामी दिसली पाहिजे, उद्याच्या उद्या. त्याने कारखान्यातला एक माशांचा डबा टेबलावर ठेवला आणि लिंकनकडच्या बोस्टन गावी चुलतभावाकडे गेला. तो गेल्यावर मला सुचलं, बाकड्याला कुणाची हरकत होती?

आता खोली खरंच रिकामी आहे. सरकारचं म्हणणं खरं झालं.

आणि दुसरं. "भाडं मी भागवतेय" हे खोटं होतं. एप्रिलपासून मागे आहे. जे कापतात ते दर आठवड्याला साचतं, आणि विद्मंतासमुळे जेमतेम थोपलं होतं ते आता पुन्हा सुरू. कोर्टाचं पत्र आलंय, नोव्हेंबरातली तारीख. आईच्या वेळेपासून या घराने थकबाकी हा शब्द पाहिला नव्हता.

तुझ्याकडून फॉर्म पुन्हा घाल. लगेच. आणि उत्तर दे.

नोरीन

---

मॅरिनर स्ट्रीट
गुरुवार, २१ नोव्हेंबर

केल,

महिना उलटून गेला. उत्तर नाही. तुरुंगात फोन केला तर "तो इथेच आहे, बरा आहे" एवढंच सांगतात. बरा आहे तर हाताला काय झालंय?

काल कोर्ट झालं. बाहेरच्या बाकांवर निम्मी आमचीच गल्ली बसलेली. बेरिल माझ्याच बाजूला, टोपी घालून आली होती, लग्नाला आल्यासारखी. म्हणते, "घरातून काढायचंच असेल तर घरंदाज बाई म्हणून काढोत, भिकारीण म्हणून नको." आत न्यायाधीश बाई सभ्य होती. मी सांगितलं, माझा भाऊ यायचाय. ती म्हणाली, "कायद्याला तो येईपर्यंत दिसत नाही." घर ताबडतोब जात नाही. पण दर आठवड्याचं पूर्ण भाडं, वर थकबाकीचा तुकडा भरायचा. एक जरी हप्ता चुकला तर हाउसिंगवाले कुलूप लावायला मोकळे. केल, तो चुकणारच आहे. ट्रे घासून तेवढं निघत नाही.

आणि आज तेच कार्टं पुन्हा आलं. या वेळी बूट पुसले त्याने, म्हणजे मी ओळखलं की काहीतरी वाईट आणलंय. एका खोलीचं घर निघालंय, समुद्राकडच्या उंच इमारतीत. ऑगस्टात शिल्लक नव्हतं, आता आहे. तिथली म्हातारी गेली म्हणून. ते घेतलं तर पट्टी नाही, थकबाकी थोडीथोडी फेडायची, कोर्ट नाही. पण ते एकट्या माणसाचं. दुसऱ्या कुणाला राहायला ठेवणार नाही असं लिहून द्यावं लागतं. मी विचारलं, "बाकड्यावर?" तो म्हणाला, "बाकड्यावरही नाही, मिस ब्लँचर्ड."

शुक्रवार, तेरा डिसेंबरला सही करायची, नाहीतर ते घर दुसऱ्याला.

तुझी सुटका फेब्रुवारीत. तोपर्यंत मी हे घर कसं धरू? आणि सोडलं तर तू कुठे?

लिही. शिव्या दे, पण लिही.

नोरीन

---

सी विंग
शुक्रवार, २९ नोव्हेंबर

नोर,

सही कर.

फॉर्म पुन्हा घालण्यात अर्थ नाही. ज्या दिवशी तो कागद वाचून दाखवला त्या रात्री इथल्या एकाने विचारलं, "काय रे, बहिणीनेच हाकलला?" मी त्याचे दोन दात पाडले. मला तळघरातल्या एकांतकोठडीत ठेवलं, आता दुसऱ्या विंगमध्ये आणलंय. लेनी सुटला. लवकर सुटण्याचा माझा हक्क गेला. तो तुझ्यामुळे नाही, माझ्या हातामुळे. म्हणून लिहिलं नाही. हाताला काय झालंय विचारलंस ना, तेच.

फेब्रुवारीत मी बाहेर येतो, काहीही झालं तरी. माझी सोय झालीय. एकाकडे पलंग आहे आणि कामही देतो म्हणतो. तू माझ्यासाठी ते घर धरून बसू नकोस. एकवीस वर्षं मासे कापलेस, आता एका खोलीत पाय वर करून बस.

त्या पक्ष्याला नव्या खिडकीचा पत्ता सांग.

केल

---

मॅरिनर स्ट्रीट
गुरुवार, ५ डिसेंबर

केल्विन,

"एकाकडे."

मी कमी शिकलेय, पण मूर्ख नाही. ज्याचं नाव चांगलं असतं त्याचं नाव माणूस लिहितो. लेनीचं लिहिलंस. तो झोपेत गाई हाकतो हेसुद्धा लिहिलंस. आणि जो तुला पलंग देतो, काम देतो, एवढा मोठा दाता, तो नुसता "एक"? पलंग आणि काम एकदम देणारा माणूस मला एकच माहीत आहे. लिंकनला राहतो. त्याची व्हॅन तुला चांगली ओळखते.

शॉनच आहे ना?

त्याच्याकडे गेलास तर तू उन्हाळ्याच्या आत परत आत असशील, आणि या वेळी दोन वर्षांत भागणार नाही. हे तुलाही माहीत आहे. म्हणूनच नाव लिहिलं नाहीस. मला सही करायला लावायची, मी तिकडे समुद्राच्या वाऱ्यात एकटीने पाय वर करून बसायचं, आणि तू मोकळा. असा मोठेपणा मला नको. तो तू आईकडून घेतलास. तीही मरताना "मला काही होत नाहीय" म्हणत होती.

आता नीट ऐक. हातरुमालाएवढी खोली आहे ती. एक पलंग, एक खिडकी. ती सरकारला जड झाली, हाउसिंगला झाली, मलाही झाली. पण ती तुझी आहे हे मी दारात उभी राहून नाकारलं, आणि ते लिहून घेतलं गेलं. ते मला खोडता आलं नाही. दुसऱ्यांदा माझ्याच सहीने नाकारायचं असेल तर मला आधी खरं कळलं पाहिजे.

काल माळ्यावर चढले. तुझा कोट काढला, झटकला, खालच्या दाराशी खुंटीला लावला. खाली बूट ठेवले. शेजारी गळ. तुझ्या नावाचं टपालही आता जाळत नाही, खिडकीत ठेवते. बेरिल म्हणाली, "नोरीन, वेडी झालीस का, आता कुणी येऊन बघितलं तर?" मी म्हटलं, येऊ दे. कुणीही येऊ दे. दार उघडल्यावर त्यांना पहिला तो कोट दिसला पाहिजे, आणि या वेळी मी त्यांना बोलूही देईन. पण अजून कुणी आलेलं नाही.

विद्मंतासला बोस्टनला निरोप धाडलाय, परत ये म्हणून. तो येईल की नाही देव जाणे. मला तसं काढलं असतं तर मीही आले नसते. तो आला तर फेब्रुवारीपर्यंत ओढाताण करून निघेल. तू आल्यावर एक वर आणि एक बाकड्यावर, कोण कुठे ते तुम्ही भांडून ठरवा. तो आला नाही तर नाताळच्या आत एक आठवडा चुकेल आणि नव्या वर्षात कुलूप. तेव्हा ना हे घर, ना ते. हे मला दिसतंय. मला कुणी समजावायला नको.

तरीही शॉन असेल तर मी सही करणार नाही. कुलूप लागायचं तर लागो, त्या दिवशी पायरीवर दोन पेट्या घेऊन बसेन, पण तुला त्याच्या दारात ढकलायला माझं नाव वापरू देणार नाही. आणि खरंच दुसरा कुणी असेल, माणसासारखा माणूस, तर मी तेराला जाते, लिहून देते की मी एकटी आहे, आणि पुन्हा या खोलीचं नाव काढत नाही.

मला मोठं पत्र नको. त्या माणसाचं नाव लिही, गल्लीचं नाव लिही. खोटं लिहिलंस तर मी गुडघे घेऊन तिथे जाऊन दार वाजवीन, तिकिटाचे पैसे बेरिल देते म्हणाली आहे. सही शुक्रवारी आहे. गुरुवार, बारा तारखेच्या टपालाने मला उत्तर पाहिजे. तुमच्याकडून टपाल शनिवार-रविवार निघत नाही, ते या वेळी दोघांनीही लक्षात ठेवू. म्हणजे तू सोमवारी पेटीत टाकायचं, मंगळवारी नाही.

नाव. गल्ली. गुरुवारपर्यंत.

नोरीन